कोयत्याची पाठ

आठवडी बाजारात कोयता घ्यायला आलेला जाणता माणूस आधी धार पाहत नाही. धार घरी जाऊन काढता येते, दगडावर नाहीतर कानशीने. गोणपाटावर मांडलेल्या कोयत्यांतला एक तो उचलतो, मूठ पकडतो आणि मनगट दोनदा खाली झटकतो. मग कोयता डोळ्याच्या रेषेत धरून एक डोळा मिटतो आणि मुठीपासून टोकापर्यंत पाठीवरून नजर फिरवतो. पाते वाकडे आहे का हे तर तो बघतोच. पण पाठ मुठीपाशी किती जाड आहे, टोकाशी किती उरली आहे आणि ती कुठपासून पातळ व्हायला लागते, याकडे त्याचे जास्त लक्ष असते. विकणाऱ्याकडे काटा असला तरी त्यावर कोयता ठेवायला तो सांगत नाही. घासाघीस मग भावावर होते.

काट्याला न विचारण्यात शहाणपण आहे. काटा एकच आकडा सांगतो. हाताला मात्र तीन गोष्टी हव्या असतात: एकूण वजन किती, ते मुठीपासून किती लांब आहे, आणि फिरायला लागलेले पाते हवे तिथे थांबवायला किती जोर लागतो. या तिन्हींची उत्तरे पात्याची जाडी आणि धारेचा उतार मिळून देतात. लाकडाची मूठ, पितळेची शेंबी, खिळे यांचा वाटा असतो, पण तो मागाहून येतो.

हिशोब कागदावर मांडला की गोष्ट उघडी पडते. समजा, पाते ३० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड आहे. अगदी पट्टीसारखे सरळ, धारेचा उतारही अजून दिलेला नाही. पोलादाचे वजन घनसेंटिमीटरला सुमारे ७.८५ ग्रॅम, म्हणजे ही पट्टी साधारण ५९० ग्रॅम भरते. तिला १२ सेंटिमीटर लांबीची, १५० ग्रॅमची मूठ लावली तर अख्ख्या कोयत्याचा तोल मुठीच्या तोंडापासून पावणेअकरा सेंटिमीटर पुढे येतो. एवढ्या लांब तोल असलेले हत्यार हातात घेतले की ते सतत नाक खाली घालते.

आता धार काढू. बाजारात सर्रास दिसणारी रीत म्हणजे धारेकडच्या दीडेक सेंटिमीटरच्या पट्ट्यातच दोन्ही बाजूंनी उतार द्यायचा आणि वरचे पाते आहे तसे जाड सोडायचे. त्यात ९० ग्रॅम लोखंड जाते, पाते ५०० ग्रॅमवर येते. तोल मागे सरकतो तो अर्ध्या सेंटिमीटरहून थोडा जास्त. इतका फरक बहुतेकांच्या हाताला कळणारही नाही. तोच उतार पाठीपासून थेट धारेपर्यंत एकसंध दिला तर पात्याचा छेद पट्टीऐवजी पाचरीसारखा त्रिकोणी होतो, अर्धे लोखंड निघून जाते आणि उरते २९५ ग्रॅम. तोल आठ सेंटिमीटरच्या आत येतो. लांबी तीच, रुंदी तीच, पाठीची जाडीही तीच. दुकानाच्या भिंतीवर टांगलेले हे दोन कोयते समोरून जुळ्या भावांसारखे दिसतील. पाठीकडून पाहिले तरी जाडी सारखीच. फरक कळेल तो चिमटीत पाते धरून पाठीकडून धारेकडे बोटे ओढत नेली तर.

मला या हिशोबातली सर्वांत मजेची जागा याच्या पुढे सापडते. ५ ऐवजी ३ मिलिमीटरचा पत्रा घ्या आणि त्याला दीड सेंटिमीटरचाच आखूड उतार द्या. पाते ३०० ग्रॅमच्या घरात येते, म्हणजे जाड पाठीच्या, पूर्ण उतार दिलेल्या पात्याएवढेच. तोलही जवळपास तिथेच. काटा आणि तोल दोन्ही सांगतात की हे कोयते सारखे आहेत. लाकडाला विचारा. धारेपासून दीड सेंटिमीटर वर पहिल्या पात्याची जाडी असते दीड मिलिमीटर, दुसऱ्याची तीन, म्हणजे बरोबर दुप्पट. पहिल्याच्या दोन्ही बाजूंमधला कोन पावणेसहा अंशांचा, दुसऱ्याचा साडेअकरा अंशांचा. अगदी कडेची धार दोन्हींची तीस-पस्तीस अंशांची बोजड असते, कारण त्याहून बारीक कड लाकडावर टिकत नाही. पण ती कड केसभर. फांदीत शिरल्यावर पात्याला अडवते ती कडेच्या मागची जाडी. म्हणून पहिले पाते पहिल्या बोटभर खोलीत सहज उतरते आणि दुसरे तिथेच दमते. शिवाय पहिले ताठ असते. आडव्या बाजूने वाकवायला गेलो तर ते पत्र्याच्या पात्यापेक्षा साधारण दीडपट विरोध करते, कारण त्याचे लोखंड पाठीला गोळा झालेले असते आणि ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. वजन सारखे ठेवून एक पाते धारेला पातळ आणि पाठीला ताठ होते, दुसरे ना धड पातळ ना धड ताठ. दुसरे स्वस्त पडते.

पातळ पत्र्याच्या बाजूनेही बोलायला हवे. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या कॉलिन्सव्हिल गावी १८२६ मध्ये सुरू झालेल्या कॉलिन्स कंपनीने शंभर वर्षांहून जास्त काळ लॅटिन अमेरिकेला मॅशेटी पुरवल्या. आज ते काम ब्राझीलची त्रामोंतीना ही कंपनी करते. गवत, झुडपे, केळी, वेली तोडणारे हे पाते लांब असते आणि पत्रा दोनेक मिलिमीटरचा. तिथे पाते वेगाने कापते, वजनाने नव्हे. ओल्या, मऊ आणि आधार नसलेल्या गोष्टी कापायच्या तर पात्याचा वेग जास्त लागतो, आणि लांब पाते वेगाने फिरवायचे तर ते हलकेच हवे. त्या पात्याने वाळलेली बाभूळ तोडायला गेलात तर ते थरथरून हाताला मुंग्या आणेल. त्यात दोष पात्याचा नाही.

तोलाबद्दल बोलताना बोटावर कोयता आडवा टेकवून दाखवण्याची सवय सर्वत्र आहे. सुऱ्या विकणारे ती कसरत फार आवडीने करतात. त्यातून अर्धेच कळते. मघाचीच ५९० ग्रॅमची बोजड पट्टी घ्या आणि तिला १५० ऐवजी ३०० ग्रॅमची मूठ बसवा. मुठीत शिसे भरा किंवा जाड पितळी शेंबी चढवा. तोल सरकत सरकत बरोबर त्याच जागी येतो, जिथे पूर्ण उताराच्या, २९५ ग्रॅमच्या पात्याचा हलक्या मुठीसह होता. बोटावर दोन्ही कोयते एकाच खुणेवर डुलतील. एकाचे एकूण वजन ८९० ग्रॅम, दुसऱ्याचे ४४५. आणि फिरवताना तर पहिल्याला दुसऱ्याच्या दुप्पट जोर लागतो, कारण मुठीतले वजन हातातच बसलेले असते; पात्याच्या टोकाकडचे लोखंड जिथल्या तिथेच असते. मूठ जड करून तोल साधणे म्हणजे बैलगाडी पुढे कलते म्हणून मागे धोंडे भरणे. गाडी सरळ होते, बैल मरतात.

फिरणाऱ्या वस्तूचा हिशोब अंतराच्या वर्गाने चालतो. मुठीच्या मध्यावर हात फिरतो असे धरले, तर तिथून १० सेंटिमीटरवरच्या एका ग्रॅमच्या तुलनेत ३६ सेंटिमीटरवरचा, म्हणजे पात्याच्या अगदी टोकाचा, एक ग्रॅम जवळजवळ १३ पट महाग पडतो. कोकणातल्या कोयत्याच्या टोकाला फांदी ओढून घेण्यासाठी वाकवलेली चोच असते. ती ४० ग्रॅमची झाली तर मुळाशी अर्धा किलो लोखंड वाढवल्यासारखे हाताला जाणवते. म्हणून चांगला लोहार चोच वळवायच्या आधी तिथले लोखंड ठोकून पातळ करतो. नुसती वाकवलेली जाड चोच दिसली की तो कोयता परत ठेवावा, हे माझे मत.

हेच टोकाकडचे पातळ होत जाणे बाजारातला माणूस एक डोळा मिटून पाहत असतो. पात्याची पाठ मुठीपाशी ६ मिलिमीटर आणि टोकाशी ३, अशी एकसारखी उतरत नेली, तर पाते सरासरी साडेचार मिलिमीटरचे होते आणि वजन, उतार न देता, ५३० ग्रॅम. सरसकट साडेचार मिलिमीटर जाडीच्या पट्टीचेही वजन तेवढेच. पण उतरत्या पाठीच्या कोयत्याचा तोल सव्वा सेंटिमीटरहून जास्त मागे येतो आणि तो फिरवायला सुमारे १३ टक्के कमी जोर लागतो. ग्रॅमभरही लोखंड कमी न करता, फक्त ते कुठे ठेवायचे एवढे ठरवून. क्रिकेटच्या बॅटवर चेंडू नेमक्या जागी बसला की हाताला झटका लागत नाही, तशी कोयत्यालाही एक जागा असते. घाव तिथे बसला तर मनगट सुटते. सरळ पट्टीच्या कोयत्यात ती पात्याच्या मुळापासून अठरा-एकोणीस सेंटिमीटरवर येते. टोक पातळ केले की ती दीडेक सेंटिमीटर मुठीकडे सरकते. बाकदार, पोट सुटलेल्या कोयत्याचे पोट त्याच जागेच्या आसपास असते. कुठल्या लोहाराने हे समीकरण मांडले असेल असे नाही. हात दुखणाऱ्या गिऱ्हाइकांनी ते पिढ्यान् पिढ्या परत आणून दिलेल्या कोयत्यांवर मांडून घेतले.

*

उतरती पाठ हातोड्याला फुकट मिळते. गावाकडच्या लोहाराचा कच्चा माल बहुधा मोडीत निघालेल्या गाडीचा कमानपाटा असतो, जीपचा, टेम्पोचा किंवा ट्रकचा. ६ ते १२ मिलिमीटर जाडीचे हे पोलाद. त्यात अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त कार्बन आणि सोबत सिलिकॉन किंवा क्रोमियम. हजारो खड्डे सोसून वाकून सरळ झालेला हा माल कोयत्याला उत्तम, कारण कोयत्यालाही तेच करायचे असते. पाटा भट्टीत लालभडक झाला की सांडशीने ऐरणीवर येतो आणि घणाचे घाव पडू लागतात. घिसाडी कुटुंबांच्या रस्त्याकडेच्या पालांत घण पुष्कळदा बाईच्या हातात असतो आणि पुरुष सांडशी व छोटा हातोडा सांभाळतो. छोटा हातोडा जिथे टकटक करील तिथे घण पडतो. ठोकल्याने लोखंड कुठे जात नाही, ते पसरते. टोकाकडे जास्त ठोकले की ते तिथे पातळ होते आणि पाते लांब होते. धारेकडे ठोकले की कड पातळ होऊन पाते रुंद होते आणि पाठीकडे बाक घेते. एकाच कडेला ठोकलेली पट्टी दुसऱ्या कडेकडे वळतेच, म्हणून अनुभवी लोहार आधी तिला उलटी वाकवून ठेवतो. एकूण काय, पाठ जाड, टोक पातळ, धार पातळ हा आकार हातोड्याखाली आपसूक तयार होतो आणि वाया जाते ती फक्त खपली.

कारखान्यात उलटे असते. तिथे एकाच जाडीचा पत्रा येतो, साच्याने आकार कापला जातो, आणि जे पातळ करायचे ते घासूनच. घासायचे म्हणजे विकत घेतलेल्या पोलादाची वीज जाळून भुकटी करायची. मघाच्या पात्याला पूर्ण उतार द्यायचा तर निम्मे पोलाद भुकटीत जाणार. त्यापेक्षा मुळातच पातळ पत्रा घ्यावा आणि दीड सेंटिमीटर उतार देऊन मोकळे व्हावे, हा कारखान्याचा विचार हिशोबाला धरून आहे. रंगीत प्लास्टिक मुठीचे, टोकापर्यंत एकाच जाडीचे कोयते बाजारात का भरले याचे कारण या हिशोबात आहे. ते वाईट पोलादाचेच असतात असे नाही. काहींचे पोलाद लोहाराच्या पाट्याहून एकसारखे आणि भरवशाचे असते. त्यांचे लोखंड चुकीच्या जागी असते, एवढेच.

कोणाला किती पुढे वजन हवे हे कामावर ठरते, आणि इथे सरसकट बोलणाऱ्यांचा मला राग येतो. नाक जड असणे हा दोष नाही. मुंबईच्या फुटपाथवरचा शहाळेवाला पाहा. त्याचा कोयता रुंद, जड, आणि तोल चांगलाच पुढे. तो कोयता वर नेतो जेमतेम वीतभर, मग जवळजवळ सोडून देतो. वजन आपले काम करते; त्याचा हात फक्त दिशा देतो, आणि दुसऱ्या हातात शहाळे असल्यामुळे ती दिशा बोटभरही चुकून चालत नाही. पण शहाळ्याचे साल ओले आणि तंतुमय. जाड पाचर त्यात घुसली तर साल दबून पाते अडकते. म्हणजे त्याला जड पाते हवे, पण जाड नको. हे दोन्ही एकत्र मिळवायची वाट एकच, रुंदी. पाते पाच सेंटिमीटरऐवजी आठ-नऊ सेंटिमीटर रुंद केले की पाठ फार न वाढवता वजन वाढते आणि धारेकडचा कोन उलट आणखी बारीक होतो. चिनी स्वयंपाकघरातला भाजी कापायचा चौकोनी सुरा याच वाटेने जातो: भलामोठा दिसतो, पण पाते अगदी पातळ. त्याच्या शेजारी टांगलेला हाडे फोडायचा सुरा समोरून तसाच दिसतो. पाठीकडून पाहिले की दोन-तीन पट जाडी दिसते. भाजीच्या सुऱ्याने हाड फोडणाऱ्याची धार अर्धचंद्राच्या तुकड्यांनी निघते. आपल्या खाटकाचा सत्तूर त्या दुसऱ्या जातीचा. त्याची धार मुद्दाम बोथट कोनाची आणि मागची जाडी भरपूर, कारण हाड कापायचे नसते, फोडायचे असते. सत्तूर ओंडक्यावर पडतो, तिथेच थांबतो. त्याला थांबवायला मनगट लागत नाही, म्हणून त्याचे नाक कितीही जड असलेले चालते.

माडावर चढलेल्या माणसाचे गणित सर्वांत कठीण. कोकणात कोयता कमरेच्या आकडीत मागे अडकवलेला असतो; गोव्यात नारळ काढणाऱ्याला पाडेली म्हणतात, त्याचीही तीच तऱ्हा. झावळ्यांपाशी पोहोचल्यावर एका हाताने माड धरलेला, पाय खोबणीत, आणि घाव घालायचा तो कधी डोक्यावर, कधी बाजूला, अंग न हलवता. वीतभर सोडून देण्याची चैन इथे नाही. घाव चुकला तर पाते पुढे जाऊन स्वतःच्याच पायापर्यंत येऊ शकते, म्हणून हवे तिथे थांबणारे, मुठीजवळ तोल असलेले पाते लागते. तोच माणूस खाली उतरून भाताच्या राबासाठी कवळ, म्हणजे फांद्या-डहाळ्या, तोडायला गेला की चोचीचा, पुढे जड कोयता घेतो. एका घरात दोन-तीन कोयते दिसतात ते हौसेने नव्हेत.

ओली फांदी आणि वाळके लाकूड यांतही पाते वेगळे हवे. एकसंध सपाट उताराचे पातळ पाते ओल्या फांदीत सुरेख शिरते. वाळलेल्या जाड लाकडात मात्र ते खोल जाऊन रुतते, कारण त्याचे दोन्ही सपाट गाल लाकडाला चिकटून बसतात, आणि मग ते काढताना माणूस कोयता डावी-उजवीकडे हलवतो, मूठ सैल होते, शेवटी पातेच वाकते. फुगीर उतार, म्हणजे धारेपासून पाठीकडे थोडा पोट सुटल्यासारखा गोलावा, याला उत्तर आहे. फुगीर पाते कमी खोल जाते पण लाकूड बाजूला सारते, ढलपी उडवते आणि सुटून येते. मलेशिया-इंडोनेशियातले पारंग आणि गोलोक याच गोलाव्याचे. गोलाव्याची किंमत वजनात द्यावी लागते: सपाट उताराच्या पात्यात जे लोखंड काढले असते ते इथे पात्यातच राहते, नाक जड होते. मग ते टोकाकडे पाठ उतरवून परत मिळवायचे. एक बाजू सैल सोडली की दुसरी ओढावी लागते.

हा देवाणघेवाणीचा व्यवहार सगळ्यात हुशारीने केलेला मी पाहिला तो नेपाळी खुकरीत. खुकरीची पाठ आठ-दहा मिलिमीटरची, कधी त्याहून जाड. आपल्या पट्टीच्या हिशोबाने हे पाते किलोच्या आसपास जायला हवे. पण तिथल्या कामी समाजाच्या कारागिरांनी पाठ जाड ठेवून तिच्या खालचा गाल आत दाबला. पाठीच्या लगेच खाली पात्याच्या दोन्ही बाजूंना लांबलचक खोलगट भाग ठोकून केलेला असतो; त्याला अंगखोला म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पाठीखाली समांतर पन्हळी काढतात, त्यांना चिरा. तीन असल्या तर ती तीनचिरा खुकरी. लोखंड तिथून निघते जिथे त्याचा ताठपणाला उपयोग कमी. पाठ जाड राहिल्यामुळे पाते वाकत नाही, धारेमागचा भाग फुगीर राहतो, आणि मधला पोकळ भाग वजन उतरवतो. वर आकाराने पात्याचे पोट पुढे आणि धार मुठीच्या रेषेच्या खाली झुकलेली, त्यामुळे वजन पुढे असूनही ते घावाच्याच दिशेने ओढते. पूर्व नेपाळात लांब, सडपातळ सिरुपाते खुकरी असते, तिचा तोल मागे आणि हात चपळ. भोजपूरकडची भोजपुरे जाड आणि पोटदार, लाकडाची. खुकरीलाही गाडीचाच पाटा लागतो. पाणी देताना मात्र अख्खे पाते बुडवत नाहीत. किटलीतून पाणी फक्त धारेवर ओततात, म्हणजे धार कडक होते आणि जाड पाठ चिवट राहते. जाड पाठ कडक झाली असती तर एका चुकीच्या घावात तडकली असती.

नागालँडच्या दाओची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला बऱ्याचदा एकाच बाजूने उतार असतो, सुताराच्या पटाशीसारखा. असे पाते घावागणिक एका बाजूला सरकते. उजव्या हाताच्या माणसाला बांबू सोलताना आणि फांद्या तिरक्या छाटताना ते सोयीचे, डावखुऱ्याला वैताग.

*

महाराष्ट्रात कोयता हा शब्द उच्चारला की आता दोन चित्रे येतात. एक पुण्यातल्या गुन्ह्यांच्या बातम्यांचे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे हत्यार शस्त्रांत मोडते; घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची हत्यारे त्यातून सुटतात, म्हणून कोयता मोकळा. नियम लांबी मोजतो, रुंदी मोजतो, जाडीबद्दल गप्प आहे. नियम करणाऱ्यांच्या हातात कधी कोयता आला नसावा.

दुसरे चित्र ऊसतोडीचे. तिथे नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात, मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, मजुरी मिळते ती टनावर. जानेवारी २०२४ मध्ये या दरात ३४ टक्के वाढ ठरली. दिवसाकाठी एका कोयत्याकडून दीड-दोन टन ऊस तुटतो. एका उसाचे वजन किलो-सव्वा किलो धरले तर साधारण पंधराशे ऊस झाले, आणि प्रत्येकाला कमीत कमी दोन घाव: एक बुडाशी, एक शेंड्याला वाढे उडवायला. पाचट साफ करायचे घाव वेगळे. तीन हजार घाव धरू. कोयता १०० ग्रॅम उगाच जड असला तर दिवसअखेर ३०० किलो लोखंड फुकट उचलले गेले. हा झाला उचलण्याचा हिशोब, फिरवण्याचा आणि थांबवण्याचा यात धरलेलाच नाही.

आणि ऊसतोडीत थांबवणे हेच अवघड. ऊस जमिनीलगत तोडायचा असतो, कारण साखर बुडख्यात जास्त आणि खोडव्याचा फुटवाही जमिनीखालून यायला हवा. कंबरेत वाकून, डाव्या हाताने ऊस धरून, घाव तिरका आणि आखूड. ऊस तुटला की पाते पुढे मातीत नाहीतर दगडावर जाणार. ज्याचे टोक हलके तो कोयता मातीच्या अलीकडे आवरता येतो. टोक जड असलेला कोयता दगड शोधतोच. म्हणून ऊसतोडीचा कोयता आखूड आणि पातळ पत्र्याचा असतो ते बरोबरच आहे. जाड पाठीचा कोकणी कोयता इथे दोन तासांत माणूस आडवा करील. पण पातळ पत्रा घेऊन त्याला आखूड, बोजड उतार दिला की पुन्हा घाव जोराने घालावा लागतो, म्हणजे हलकेपणाने जे वाचवले ते उतार खातो. सहा महिने हा कोयता रोज हातात राहणार असेल तर पत्रा पातळ आहे एवढ्यावर समाधान मानू नये; धारेमागे दोन बोटांपर्यंत तो आणखी उतरवून घ्यावा. लोहार हे काम थोड्या जास्त पैशांत करून देतो. फडावर जायच्या आधीच करून घ्यावे लागते, तिथे मग फक्त कानस उरते.

कानस रोज फिरते आणि कोयता हळूहळू बदलतो. धार घासत वर चढते, पाते अरुंद होते. पूर्ण उताराच्या पात्यात वर जाडी जास्त, म्हणून दोन-तीन हंगामांनी धारेमागची जाडी सुरुवातीच्या दुप्पट झालेली असते. आता कोयता कितीही पाजवा, बोटाला धार लागते पण उसाला लागत नाही. लोक म्हणतात पोलाद संपले. संपलेले नसते, वर चढलेले असते. उपाय म्हणजे पाते भट्टीत घालून धारेकडून पुन्हा ठोकून पातळ करणे आणि नव्याने पाणी देणे. हल्ली त्याऐवजी रस्त्यावरचा ग्राइंडर लावतात. दोन मिनिटांत ठिणग्यांचा पाऊस पडतो, धारेमागचा भाग पातळही होतो, पण कडेला जांभळी-निळी रेघ उमटली की तिथे पाते ३०० अंशांच्या आसपास तापले आणि पाणी उतरले असे समजावे. ती धार दुपारपर्यंत वळते. ग्राइंडरवालाच पाणी शिंपडत, थांबत थांबत, पाठीकडून धारेकडे लांब हात फिरवणारा मिळाला तर त्याला दुप्पट पैसे द्यायला हरकत नाही. त्याला सांगायचे ते एवढेच की नुसती धार नको, मागून उतरव.